वाचकांचे प्रश्न : लेखक कॉलेजात येतायत, विचारायचं काय?

२७ फेब्रुवारी जवळ आला की कॉलेजांच्या मराठी विभागांना अचानक लेखक आठवतात. वर्षभर ज्याचं पुस्तक सिलॅबसला असतं त्याला मग फोन जातो, "सर, गौरव दिनानिमित्त मुलांशी जरा संवाद साधायला या ना." त्यामुळे यावेळच्या पत्रांमध्ये हाच विषय जास्त आलाय, कळव्यापासून नेरूळपर्यंत. सगळी छापायला जागा नाही, निवडक देतेय, नावं मुद्दाम काढलीयेत.

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, मराठी स्पेशल. आमच्या सिलॅबसला एक दलित आत्मकथन आहे आणि त्याचे लेखकच पुढच्या महिन्यात कॉलेजला येतायत. मॅडमनी प्रत्येकीला दोन प्रश्न काढून आणायला सांगितलेत. आमच्या ग्रुपवर जे प्रश्न आलेत ते 'लिहिताना रडू आलं का', 'तुमची प्रेरणा कोण', 'आता गावातले लोक कसे वागतात' असेच आहेत. मला हे विचारायला कसंतरीच वाटतंय, पण दुसरं काय विचारायचं तेही सुचत नाहीये.
— विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : तुला कसंतरी वाटतंय ना, ते अगदी बरोबर वाटतंय. हे सगळे प्रश्न माणसाला विचारलेले आहेत, लेखकाला एकही नाही. कादंबरीकार आला की आपण त्याला निवेदन, पात्रं, शेवट असं काय काय विचारतो आणि आत्मकथन लिहिणारा आला की एकदम त्याचं दुःख विचारायला लागतो, जसं काही पुस्तक त्याने लिहिलंच नाही, ते नुसतं त्याच्यावर येऊन गुदरलं आणि कागदावर सांडलं. दलित लेखकांच्या बाबतीत हे इतकी वर्षं चाललंय की आता कोणाला खटकतही नाही. मला खटकतं. त्याने जे भोगलं ते त्याने तीनशे पानात ऑलरेडी सांगितलंय, तेच पुन्हा स्टेजवर माईक हातात देऊन सांगायला लावायचं आणि आपण डोळे पुसायचे, यात अभ्यास कुठे आला?

आता वेगळं काय विचारायचं ते सांगते. 'बलुतं' घे, १९७८ चं. तुमच्या सिलॅबसला नसलं तरी लायब्ररीतून काढ आणि सुरुवातीची पानं वाच. दया पवारांनी तिथे काय केलंय बघ, दगडू मारुती पवार नावाचा माणूस बोलतोय आणि दया पवार हा शिकलेला, शहरात स्थिरावलेला माणूस त्याचं ऐकतोय, आणि हे दोघं एकच आहेत. सरळ 'माझा जन्म अमुक गावी झाला' असं सुरू करता आलंच असतं की. मग एका माणसाचे दोन करायचा खटाटोप कशाला केला असेल? ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची लाज वाटते का, की बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यावर राग आहे, की दगडूला पुढे केल्याशिवाय काही गोष्टी बोलताच आल्या नसत्या? पवार १९९६ मध्ये गेले, त्यांना आता विचारता येणार नाही. पण तुमचे लेखक समोर येऊन बसणार आहेत. त्यांनीही असे पन्नास निर्णय घेतलेले असणार. ते शोध आणि ते विचार.

म्हणजे उदाहरणार्थ, संवाद बोलीत आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत असेल तर का? पहिल्यापासून तसंच होतं की प्रकाशकाने सुचवलं? माणसांची नावं खरी ठेवली की बदलली, बदलली तर कोणाची बदलली आणि कोणाची मुद्दाम ठेवली, आणि पुस्तक आल्यावर कोणी घरी भांडायला आलं का? (हा विचारच, याची उत्तरं हमखास भारी असतात.) दुसऱ्या आवृत्तीत काही बदललं का? अमुक पानावर एवढा मोठा प्रसंग चार ओळीत उरकलाय आणि त्याच्या पुढच्या पानावर एका जेवणाचं वर्णन दीड पान आहे, असं का? असा प्रश्न पान नंबर सांगून विचारलास ना तर लेखक खुर्चीत पुढे सरकून बसतील, कारण समोरच्या मुलीने पुस्तक वाचलंय हे त्यांना तिथेच कळतं, आणि खरं सांगू का, अशा कार्यक्रमांना पुस्तक वाचून आलेले फार थोडे असतात, त्यात स्टेजवरचेही आले.

आणि एक प्रश्न तर कुठल्याही आत्मकथनाला चालतो, काय गाळलं? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' आपल्या छोट्याशा दुकानात बसून लिहिलं आणि कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तकात त्यांचा समाज भरभरून आहे, स्वतःच्या संसाराबद्दल मात्र त्या फार बोलत नाहीत. ते का, नवऱ्यापासून लिखाण का लपवायचं, घरात काय चाललेलं, हे सगळं नंतर त्यांच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांनी मुलाखतीत विचारलं तेव्हा समोर आलं. आता बघ, हाही प्रश्न खासगी आयुष्याकडेच जातो, पण तो पुस्तकातून निघून जातो, पुस्तकात जी जागा रिकामी दिसतेय तिथून. 'रडू आलं का' हा पुस्तक न वाचताही विचारता येतो, एवढाच फरक आहे पण तो मोठा आहे.

'प्रेरणा कोण' हा प्रश्न तेवढा ग्रुपवरून डिलीट करून टाका, सगळ्या लेखकांचं त्याचं उत्तर पाठ असतं आणि त्यात दहा मिनिटं जातात.

प्रश्न : आमच्याकडे लेखिकेचा कार्यक्रम झाला, छान झाला, पण माझी पंचाईत झालीये. त्यांच्या कथेतली विहीर म्हणजे स्त्रीच्या दडपलेल्या मनाचं प्रतीक असं सरांच्या नोट्समध्ये आहे आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. एका मुलीने तेच विचारलं तर लेखिका हसून म्हणाल्या, "अगं प्रतीक वगैरे काही नाही, आमच्या परसात विहीर होती ती लिहिली." सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता मी पेपरात काय लिहू?
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : सरांच्या चेहऱ्यासाठी तरी मला तिथे असायला हवं होतं! पण सर चुकले असं लगेच धरू नकोस हं.

परसात विहीर होती, मान्य. पण परसात आणखीही बरंच काही असणार ना, तुळस असेल, गोठा असेल, कपडे वाळत घालायची तार असेल, मग कथेत विहीरच सारखी सारखी का येते? ती जिथे येते तिथे आधी काय घडलेलं असतं, बाई तिच्यात वाकून बघते की नुसतं पाणी शेंदते, शेवटी ती विहीर बुजवतात का? हे सगळं कथेत आहे की नाही ते कथाच सांगणार, लेखिका नाही. विहीर कुठून आली हे लेखिकेइतकं कोणाला माहीत नाही, तिथे तिचा शब्द शेवटचा. पण छापून आल्यावर ती विहीर कथेत काय करतेय हे बघायला तिला जेवढी पानं आहेत तेवढीच तुलाही आहेत.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, समीक्षेत यावर भरपूर भांडून झालंय. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकनांनी १९४६ मध्येच म्हणून ठेवलंय की लेखकाच्या मनात काय होतं यावरून कवितेला जोखू नका, एक तर ते नक्की कळत नाही आणि कळलं तरी तो निकष होत नाही. मग १९६७ मध्ये फ्रान्सच्या रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यूच जाहीर करून टाकला, म्हणजे कृती एकदा वाचकाच्या हातात गेली की लेखकाचा तिच्यावर मालकी हक्क राहत नाही. एमएला गेलास की हे दोन्ही लेख तुझ्या मागे लागतीलच, आत्ताच वाचून ठेव, बार्थचा तर पाच-सहा पानांचाच आहे. माझं विचारशील तर बार्थ जरा जास्तच ताणतो, माणूस जिवंत आहे, समोर चहा पितोय, त्याला मेला म्हणून कसं चालेल. पण पेपरापुरता तो तुझ्या कामाचा आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बालकवींची 'औदुंबर'. फक्त ८ ओळी. ऐल तट, पैल तट, झरा, गाव, पाऊलवाट, डोह, आणि शेवटी त्या डोहात पाय सोडून बसलेला औदुंबर. कोणी म्हणालं शुद्ध निसर्गचित्र आहे, कोणी म्हणालं तो विरक्त योगी आहे, कोणाला त्यात उदासी दिसली, या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी किती कागद काळे केलेत त्याला मोजदाद नाही. बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, २७ वर्षांचे होते. समजा ते जगले असते, आणि कोणा समीक्षकाला म्हणाले असते की अहो साधं झाड आहे ते, तर काय भांडण मिटलं असतं? मला नाही वाटत. पुढचा समीक्षक म्हणाला असता, झाड आहे तर 'पाय टाकून' कसं बसलंय?

पेपरात लिहायचं असं, आधी कथेतले दोन-तीन प्रसंग घे जिथे विहीर येते, ते नीट मांड, त्यावरून प्रतीकाचा अर्थ निघतो का ते तुझ्या शब्दात लिही, आणि मग एक वाक्य टाक की लेखिकेने एका कार्यक्रमात ही विहीर घरच्या परसातली होती असं सांगितलंय. त्या एका वाक्याने तुझं उत्तर बाकीच्या ऐंशी पेपरांपेक्षा वेगळं दिसेल. फक्त 'लेखिका स्वतः मला म्हणाल्या त्यामुळे प्रतीक नाही' असं लिहून उत्तर संपवू नकोस, त्याला दहापैकी दोन मिळतील आणि दोनच मिळायला हवेत.

प्रश्न : माझ्याकडे कादंबरीची झेरॉक्स आहे, स्पायरल बाइंडिंग केलेली. सगळ्या वर्गाकडे तीच आहे. त्यावरच लेखकाची सही घेतली तर चालेल का?
— विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : नाही रे बाबा! सिलॅबससाठी पुस्तकांतले भाग झेरॉक्स करून अभ्यासाला वापरायला दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये मान्यता दिलेली आहे, तेव्हा शिकण्यासाठी चार प्रकरणं झेरॉक्स केली म्हणून कोणी तुला गुन्हेगार म्हणणार नाही. पण अख्खी कादंबरी कव्हरसकट छापून वर्गभर वाटणं ही गोष्ट वेगळी, आणि ती लेखकाच्याच हातात देऊन 'सर इथे सही' म्हणणं म्हणजे कमालच झाली. वर्गात पाच जणांनी पैसे काढून एक प्रत घ्या आणि तिच्यावर सही घ्या, नंतर ती विभागाच्या कपाटात ठेवा. नाहीतर वहीवर घे. आणि पुस्तक वाचायलाच हवं असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उघडं आहे, तुमच्या भागातून ट्रान्स-हार्बरने ठाणे, पुढे चालत.

प्रश्न : मी मराठी विभागात शिकवतो. आम्ही एका ज्येष्ठ कादंबरीकारांना बोलावलं, त्यांनी फोनवर "मानधन किती देणार?" असं थेट विचारलं. आमच्या समितीतल्या काहींना ते फार लागलं, मुलांशी बोलायचेही पैसे घेतात का असं त्यांचं म्हणणं. आमचं बजेट खरंच कमी आहे. काय करावं?
— प्राध्यापक, वाशी

उत्तर : सर, राग मानू नका, पण ज्या दिवशी मांडववाला, साऊंडवाला आणि फुलवाला मुलांसाठी म्हणून फुकट येतील त्या दिवशी लेखकालाही फुकट बोलवा.

लेखकाला पुस्तकातून मिळतं किती हे समितीला एकदा फळ्यावर मांडून दाखवा. समजा कादंबरी ३०० रुपयांची आहे आणि रॉयल्टी १० टक्के धरली तर एका प्रतीमागे ३० रुपये. आवृत्ती ५०० प्रतींची असेल तर सगळी खपल्यावर १५ हजार, आणि ती खपायला किती वर्षं लागतील ते आपण सगळे जाणतोच, त्यात तुमच्या वर्गाने झेरॉक्स काढलेली (वरचं पत्र वाचा). मग दिवसभर मोडून यायचं, तयारी करायची, आणि बदल्यात शाल, श्रीफळ आणि कोणाच्या तरी नावाची ट्रॉफी. या ट्रॉफ्या ठेवायच्या कुठे हा लेखकांच्या घरातला गंभीर प्रश्न आहे हो.

बजेट कमी आहे तर तसं पहिल्याच फोनवर आकड्यासकट सांगा. 'यथाशक्ती देऊ' म्हणू नका, त्याने समोरच्याची पंचाईत होते. आकडा छोटा असला तरी बरेच जण येतात, न सांगता पाकीट पुढे करण्याने जास्त वाईट वाटतं. ते पाकीटही स्टेजवर नको, आत ऑफिसात. आणि प्रवासखर्च वेगळा धरा, मानधनात नाही. ज्येष्ठ आहेत म्हणताय, समजा डोंबिवलीहून येणार, तर ठाण्याला उतरून जिना चढून पूल ओलांडून नऊ-दहा नंबरवर जायचं आणि तिथून वाशी लोकल, हे सत्तरीच्या माणसाला गर्दीत करायला लावू नका, गाडी पाठवा. फुलांचा खर्च कमी करा, गाडीचे पैसे निघतील.

आता न विचारलेलं एक सांगते, कारण हे मी ठाण्यात आणि तुमच्याकडेही बघत आलेय. कार्यक्रम दहाचा असतो. साडेदहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचा परिचय ज्यात त्यांच्या सगळ्या पुस्तकांची आणि पुरस्कारांची यादी वाचतात, मग प्राचार्यांचं मनोगत, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं मनोगत, ते बोलता बोलता आपल्या लहानपणच्या मराठीच्या बाईंपर्यंत पोचतात, मग भित्तिपत्रकाचं प्रकाशन, आणि लेखक उभे राहतात तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि मागच्या रांगांतली मुलं साडेबाराच्या प्रॅक्टिकलला पळायला लागलेली असतात. प्रश्नोत्तरांना उरतात सात मिनिटं. मग एक प्रश्न कोणीतरी प्राध्यापकच विचारतो, प्रश्न कसला, भाषणच असतं ते.

त्याऐवजी हॉल सोडा. एका वर्गात तीस-चाळीस मुलं घ्या, ज्यांनी पुस्तक वाचलंय अशीच, बाकीच्यांना त्या दिवशी सुट्टी दिलीत तरी कोणी तक्रार करणार नाही. बाकं गोल लावा. परिचय दोन वाक्यांत. पहिली दहा मिनिटं लेखकाने स्वतःच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं, ते कुठे थांबतात, कुठल्या वाक्यावर आवाज खाली येतो, एवढ्यावरूनच मुलांना बरंच कळतं, आणि मुलं पण जरा सैलावतात. मग दीड तास प्रश्न. तुम्ही आणि समिती मागच्या बाकावर, आणि कृपा करून मधे 'सर, तिला असं म्हणायचंय की' म्हणून मुलांच्या प्रश्नाचं भाषांतर करू नका. मुलं अडखळतील, अडखळू द्या. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि 'हे छापू नका' म्हणून काही बोलले तर तिथे मोबाईल बंद.

प्रश्न : माझी मुलगी कविता करते. कॉलेजात आलेल्या एका कवींना तिने कवितांची वही दिली, नंबरही दिला. आता त्यांचे मेसेज येतात, आधी कवितांबद्दल होते, आता रात्री साडेअकरा-बाराला 'झोपलीस का' असे येतात. मुलगी म्हणते आई तू जुन्या विचारांची आहेस, ते माझे गुरू आहेत. मी चुकीचा विचार करतेय का?
— एक आई, घणसोली

उत्तर : ताई, तुम्ही अजिबात चुकत नाही आहात.

नवीन लिहिणाऱ्याला मोठ्या कवीने मार्गदर्शन करणं यात काही वावगं नाही, ते होतच आलंय आणि व्हायलाही हवं. पण वृत्त कुठे तुटतंय, शेवटचं कडवं का काढ, हे दुपारी दोनलाही सांगता येतं. 'झोपलीस का' यात कविता कुठे आहे? ज्याचं पुस्तक अभ्यासाला आहे, ज्याच्या एका शब्दावर मासिकात कविता छापून येऊ शकते, त्याच्या आणि एकोणीस वर्षांच्या मुलीच्या वजनात केवढा फरक आहे, आणि तो फरक त्या माणसाला तुमच्या मुलीपेक्षा चांगला कळतो.

मुलीशी भांडू नका, मोबाईल काढून घेऊ नका, तसं केलंत तर ती पुढचं तुम्हाला सांगणार नाही. तिला एवढंच करायला सांगा की एक मेसेज करायचा, 'सर, कवितांबद्दलचं मेलवर कळवाल का, रात्री मी उत्तर देऊ शकत नाही.' सरळ माणूस असेल तर ओशाळून गप्प मेल करेल. रुसला, टोमणे मारायला लागला, 'तुझ्यात टॅलेंट होतं पण' वगैरे सुरू झालं तर समजायचं. मेसेज डिलीट करायचे नाहीत, सगळे ठेवायचे. आणि कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे, २०१३ चा कायदा आणि युजीसीचे २०१५ चे नियम, ते फक्त स्टाफसाठी नाहीत, विद्यार्थिनींसाठीही आहेत. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर असायला हवीत, नसतील तर आधी तेच प्राचार्यांना विचारा.

आणि मुलीला माझा निरोप, वही परत माग. एकुलती एक प्रत कधीच कोणाला द्यायची नसते, अगदी ज्ञानपीठवाल्यालाही नाही.

प्रश्न : मी ज्यांच्यावर प्रोजेक्ट करतोय त्या लेखकांना मी दोनदा फोन केला, ते भेटायला नाही म्हणतात. "पुस्तकं वाच, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही" म्हणाले. एवढा अॅटिट्यूड कशाला? प्रोजेक्टला मुलाखत नसेल तर मार्क कापतात.
— विद्यार्थी, नौपाडा, ठाणे

उत्तर : अॅटिट्यूड नाही तो, त्यांनी तुला सल्ला दिलाय, आणि चांगला दिलाय.

लेखकाने भेटायलाच पाहिजे असा काही नियम नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, माणसांपासून, सभांपासून, फोटोंपासून लांब राहायचे, साहित्य अकादमीचा पुरस्कार 'काजळमाया'ला मिळाला तोही त्यांनी परत केला. पण तोच माणूस पत्रं मात्र केवढी लिहायचा! १९८७ मध्ये जीए गेले, नंतर त्या पत्रांचे जाडजूड खंड निघाले, सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा तर स्वतंत्र खंड आहे. समोर बसून जे कोणाला सांगितलं नसतं ते त्यांनी कागदावर सविस्तर लिहून ठेवलंय, काय वाचलं, काय आवडलं नाही, काय छळतंय.

तेव्हा फोन बंद कर आणि पत्र लिही. हाताने लिहिलंस तर उत्तम, मेलही चालेल. एका पानाच्या वर नको, त्यात प्रोजेक्ट, मार्क, सबमिशनची तारीख यातलं काहीही नको. फक्त एक प्रश्न, त्यांच्या एकाच कथेबद्दल, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर त्या कथेत तू शोधलंस आणि सापडलं नाही. स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेव, जुन्या पिढीतल्या माणसाला त्याचं बरं वाटतं. दरम्यान त्यांच्या जुन्या मुलाखती शोध, दिवाळी अंकांत हमखास सापडतील, आणि मार्गदर्शकांना जाऊन सांग की लेखकांनी भेट नाकारलीय, छापील मुलाखतींवर काम करतोय, तसं प्रस्तावनेत नमूद करतो. याला मार्क कापत असतील तर मला कळव, पुढच्या अंकात त्यांच्याशी बोलू. पत्राला उत्तर यायला महिना लागेल, कदाचित यायचंही नाही. तोवर तिसरा फोन करू नकोस.